इंजिनवाल्याची पॅन्ट

पॅन्ट कुठं बदलायची, हा माझ्या नोकरीतला सगळ्यांत अवघड प्रश्न होता. इंजिन खोलणं, बसवणं त्यापुढं किरकोळ. परभणीच्या एसटी स्टँडवरच्या मुतारीत फरशी कायम ओली. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पॅन्टीत घालायचा तर भिंतीला टेकावं लागे, आणि त्या भिंतीला टेकण्यापेक्षा पडलेलं बरं. रानात बाभळीच्या आडोशाला कुणी बघत नसे, पण काटे बघत नाहीत कुठं पाय पडतोय ते. गंगाखेडच्या रेल्वे स्टेशनवरची खोली चांगली होती, आतून कडीही होती. मी तिथं इतक्यांदा कपडे बदलले की तिथला पोर्टर मला नाटक कंपनीतला समजायचा आणि खेळ कधी आहे म्हणून विचारायचा.

मी परभणीत ऑइल इंजिनच्या एका दुकानात उभी हयात काढली. आता निवृत्त होऊन घरी बसलोय आणि घरात लुंगीवर वावरतो, तेव्हा हे सगळं आठवून हसू येतं. त्या काळात वीज खांबांवर आली होती, पण विहिरीपर्यंत पोचली नव्हती. पाणी उपसायचं तर मोट, नाहीतर आमचं डिझेलवर चालणारं इंजिन. इंजिन सुरू करायचं म्हणजे वरची कळ उचलून धरायची, हँडल घालून मोठं चाक गरागरा फिरवायचं आणि वेग आला की कळ सोडायची. आधी एक ठोका पडतो, मग दुसरा, मग त्याला लय सापडते. लांबच्या शिवारातून तो ठोका ऐकू आला की कुणाच्या विहिरीवर काय चाललंय ते आम्हाला दुकानात बसल्या बसल्या कळायचं, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. ते अर्थातच खोटं होतं, पण इंजिन खपायला मदत व्हायची.

दुकानाच्या पुढच्या अंगाला नवी इंजिनं हिरवा रंग लावून उभी असत. मागं पत्र्याचं शेड, तिथं जुनी इंजिनं पोट उघडून पडलेली. मी मागच्या शेडातला. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेलो. शेडात कपड्यांचा एकच नियम होता, लुंगी नेसायची नाही. फिरत्या चाकात एकाची लुंगी गेली होती आणि तो केवळ गाठ सैल होती म्हणून वाचला. बाकी अंगावर काहीही चाले. फाटकं बनियन, खाकी अर्धी चड्डी, काळ्या ऑइलनं चामड्यासारखी कडक झालेली. ती भिंतीला टेकवून ठेवली तर उभी राहायची.

दुकानाचे मालक पंचावन्न-साठीचे मुसलमान गृहस्थ. सगळं दुकान त्यांना चाचा म्हणे. चाचा लाकडी तख्तावर पायजमा-बनियनवर बसून धंदा करायचे. पण बँकेत किंवा मोठ्या साहेबाकडं जायचं असलं की ते काळी शेरवानी चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून, वर टोपी घालून निघत. निजामाच्या अमलात त्यांनी तेच पाहिलं होतं. हापिसर म्हणजे शेरवानी. मे महिन्यातही तेच. परत येईपर्यंत पाठ भिजून चिंब.

एके दिवशी ते बँकेतून आले ते गप्पच होते. पाणी प्यायले आणि मला हाक मारली. "खंदारे, आज वो नया छोकरा साब मेरे कू पूछा, चाचा, किस की शादी है?" आम्ही हसणार होतो, पण त्यांचं तोंड बघून हसलो नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "हमारी शेरवानी का जमाना गया मियाँ. अब तू पतलून सिला. साब लोगां के पास तू जाना."

असा मी प्रतिनिधी झालो. माझ्यापेक्षा जुने, जास्त शिकलेले दोघं दुकानात होते. चाचांनी मला का निवडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कापड त्यांनीच घेऊन दिलं, टेरिकॉटचं, राखाडी. स्टेशन रोडवरच्या टेलर मास्टरला मी साधी पॅन्ट सांगितली, त्यानं बेलबॉटम शिवली. "आजकाल हेच चालतंय, बघा तरी," म्हणाला. त्या बेलबॉटमच्या घेरात पुढं कितीतरी गावांची कुसळं, गोखरू आणि काळी माती घरी आली. माय रोज रात्री दारात बसून ती वेचायची आणि टेलर मास्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

पण आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्या पॅन्टीला एक शब्द बोलू दिला नाही. आमचं मूळ गाव चुडाव्याकडचं. आबांनी तिथं तरणपण येसकरकीत, म्हणजे गावच्या वेशीच्या राखणीत घालवलं. वेशीतून आत जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, धोतर गुडघ्याखाली येऊ द्यायचं नाही, धुतलेलं अंगावर असलं तर कुणाचं चोरलं म्हणून विचारणार. छप्पन्न साली आमची माणसं बौद्ध झाली. तेव्हापासून आमच्या भिंतीवर कोट-टाय घातलेली एकच तसबीर आहे. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या कोटाची घडी न् घडी पाठ होती.

मी पहिल्यांदा ती पॅन्ट घालून, शर्ट आत खोचून उभा राहिलो तेव्हा आबांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाले, "कोन्या बी गावात शिरताना ह्याच्यातच शिर. काम करायच्या टायमाला काय घालायचं ते घाल. पन वेशीतून आत जाताना ही तुमान काढायची न्हाई. काढली की लोकं इचारतेत, कुनाचा रं तू."

ते मी पाळलं. म्हणून तर माझ्या पिशवीत कायम दोन जोड असत. गावात शिरताना पॅन्ट. विहिरीवर गेलं की आडोशाला जाऊन खाकी चड्डी. काम झालं की हातपाय घासून पुन्हा पॅन्ट, आणि तसंच पुढं बँकेत किंवा साहेबाकडं. पॅन्टीत असलो की "या साहेब" म्हणत, बाजेवर सतरंजी टाकत, पितळी तांब्यात पाणी येई. चड्डीत असलो की त्याच घरातलं पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. हे सगळीकडं होत नसे, पण जिथं होई तिथं एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून दोन्ही होई. मला राग येत नसे असं नाही. मी फक्त पॅन्टीची इस्त्री आणखी कडक करून घेई.

हातांचा मात्र इलाज नव्हता. काळं ऑइल नखात बसलं की बसलं. रॉकेल, राख, लिंबाची साल, सगळं करून झालं. बँकेच्या साहेबासमोर मी हात टेबलाखाली ठेवायचो. त्यांना स्वच्छ हात लागत. उलट एक म्हातारे पाटील होते. त्यांच्याकडं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खास हात घासून गेलो होतो. त्यांनी माझा पंजा धरून नाकाजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाले, "साबनाचा वास यायलाय. तुमाला इंजिनातलं काय कळतंय? ज्याला कळतंय त्याला धाडा." पुढच्या आठवड्यात मी तसाच, शेडातून उठून, हात न धुता गेलो. त्यांनी पुन्हा वास घेतला, मान डोलावली आणि इंजिन घेतलं. मी तोच माणूस आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

कृषी विद्यापीठातल्या एका सरांकडं मी टाय लावून गेलो होतो. टाय म्हणजे गाठ आधीच मारलेला, मागं इलॅस्टिकचा. सर स्वतः हाफ पॅन्टवर, चिखलात उभे. त्यांनी माझ्या टायचं टोक धरून पुढं ओढलं आणि सोडून दिलं, तो फट्कन गळ्यावर येऊन बसला. "छान आहे, पाणी शेंदताना दोर म्हणून उपयोगी पडेल," म्हणाले. असे टक्केटोणपे खात मी शिकलो, कुणाकडं काय घालायचं ते.

जे मुख्य सांगायचंय ते आता सांगतो. आणीबाणीचा काळ होता, हिवाळा. गंगाखेडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या काठावर एक गाव आहे. तिकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगा खाली उशाला आणि वर शेतं कोरडी, अशी तिथली गत. काही शेतकऱ्यांनी मिळून गट केला होता. काठावर एक विहीर खोदायची, मोठं इंजिन बसवायचं आणि पाइपानं पाणी वर न्यायचं. गटाचे पुढारी निवृत्तीदादा, चाळिशीचे, कमी बोलणारे. ते दोन-तीनदा परभणीला दुकानात येऊन गेले होते. मी त्यांना शेडात इंजिन खोलून दाखवलं होतं, बनियन-चड्डीवर. चाचा मला आडनावानंच हाक मारायचे, त्यामुळं मी कुठल्या समाजाचा ते निवृत्तीदादांना ठाऊक होतं.

कर्ज बँक देणार होती. साहेबाची अट एकच होती. ते स्वतः गावात येणार, जागा बघणार, आणि गटाचे सगळे सभासद त्यांना समोर बसलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले तर प्रकरण संपलं, कारण आधी एका गावात कागदावर माणसं होती आणि शेतात नव्हती. साहेब दुपारी जीपनं येणार होते. मी सकाळीच एसटीनं गेलो. साहेबाची भेट म्हणून राखाडी पॅन्ट, पांढरा शर्ट, पायात बूट, खांद्याला कातडी बॅग. चड्डीचा जोड मुद्दाम घरी ठेवला होता, आज काम नव्हतं.

मी वेशीतून आत शिरलो आणि गाव माझ्यादेखत रिकामं झालं.

एका पोरानं मला पाहिलं आणि ओरडत पळालं, "आले रे आले!" दारं धडाधड लागली. पारावर बसलेली माणसं उठली ती रानाकडं सुटली. एका म्हाताऱ्याला तर धड चालता येत नव्हतं, तोही काठी टाकून पळाला. मला आधी कळेना. मग कळलं. त्या दिवसांत गावोगाव कुटुंब नियोजनाची माणसं फिरत होती. पॅन्ट-शर्ट, बूट, खांद्याला बॅग. धरून नेतात आणि आपरेशन करतात, अशी भीती सगळ्या शिवारात पसरली होती. खरं किती, खोटं किती, कुणी थांबून विचारत नव्हतं. मी "अहो, मी इंजिनवाला" म्हणत त्यांच्या मागं पळालो. माझ्या पळण्यानं ते आणखी जोरात पळाले. ज्वारी डोक्याएवढी होती, त्यात शिरले की माणूस दिसेना. ओढा ओलांडताना माझा बूट चिखलात रुतला आणि मी आपटून कमरेपर्यंत चिखलानं भरलो.

तसाच परत गावात आलो. एका घराच्या ओट्यावर एक बाई सुपात करडई पाखडत बसल्या होत्या. त्या पळाल्या नव्हत्या. मी हात जोडले आणि निवृत्तीदादांचं घर विचारलं.

"हेच की. मी त्यांची घरवाली, गयाबाई. पन तुमी कोन?"

मी सांगितलं. परभणीच्या दुकानातून आलोय, दुपारी बँकेचे साहेब येणार आहेत, माणसं दिसली नाहीत तर पाणी काही येत नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इंजिनवाले व्हय! मंग आसं कामून आलाव? ही तुमान बगून तर यमाचा रेडा बी पळंल. आदी ही काढा."

"काढून काय घालू?"

त्या आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक धोतर होतं, धुतलेलं, घडीचं. "मपल्या मालकाचं हाय. नेसा आन् जा रानात, बोलवा सगळ्याला."

मी ते धोतर घेतलं नाही. माझे हात पुढं झाले नाहीत. आबांचे शब्द आठवले असं म्हटलं तर ते खोटं होईल, त्या क्षणी काहीच आठवलं नाही. वेशीच्या आत पॅन्ट उतरवायची म्हणजे माझ्यातला 'साहेब' जाणार आणि 'कुनाचा रं तू' उरणार. आणि त्याहून वाईट म्हणजे हे घरचं कापड मी न सांगता अंगाला लावलं आणि उद्या ह्या बाईला ऐकून घ्यावं लागलं तर?

म्हणून मी सांगून टाकलं. "वहिनी, मी बौद्ध आहे. चुडाव्याकडचा, खंदारे. आधी सांगितलेलं बरं."

गयाबाई थांबल्या. थांबल्या हे मी लपवत नाही, त्यांनीही पुढं कधी लपवलं नाही. त्यांनी एकदा गल्लीकडं पाहिलं, गल्लीत कुणीच नव्हतं. एकदा करडईच्या सुपाकडं पाहिलं. मग माझा हात धरून त्यावर ते धोतर ठेवलं.

"ईळ जायलाय," म्हणाल्या. "नेसा लवकर. मला पानी पायजे."

आता खरी पंचाईत झाली. मला धोतर नेसता येत नव्हतं. शाळेत चड्डी, आयटीआयला पॅन्ट, धोतर मी आबांच्या अंगावरच पाहिलेलं. आत जाऊन कसंबसं गुंडाळलं आणि बाहेर आलो तर दोन पावलांत सोगा सुटला. शेजारच्या घरात दडून बसलेले एक आजोबा भिंतीवरून डोकावून हे सगळं बघत होते. त्यांना ते बघवेना. भिंत उतरून आले, म्हणाले, "आसं नेसून रानात गेलास तर लोकं हसून हसून मरतील," आणि त्यांनी माझ्या कमरेला हात घालून, निऱ्या करून, कासोटा मारून दिला. घरच्या पोराला देतात तसा.

वर पांढरा टेरिकॉटचा शर्ट, खिशाला पेन, खाली धोतर, पाय अनवाणी. असा मी ज्वारीत शिरलो. हाका मारत गेलो. आता कुणी पळेना. ताटांतून एक एक डोकं वर यायला लागलं. माझं बोलणं ऐकून एकजण म्हणाला, "आरं, हा तर आपला इंजिनवाला! त्या तुमानीत वळखूच आला न्हाई." खरं होतं. त्यांनी मला दुकानात बनियन-चड्डीवर पाहिलं होतं. माझी पॅन्ट त्यांना परकी होती, माझा आवाज नव्हता.

सगळ्यांत शेवटी निवृत्तीदादा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग धोतराकडं पाहिलं.

"हे धोतर मपलं दिसायलंय," म्हणाले.

मी म्हणालो, "वहिनींनी दिलं."

ते काही बोलले नाहीत. चला म्हणाले आणि पुढं झाले. त्यांचं ते न बोलणं माझ्या मनात रुतून बसलं.

गावात आलो तर माझी पॅन्ट दोरीवर. गयाबाईंनी चिखलाची म्हणून धुऊन टाकली होती, पाणी निथळत होतं. त्यांनी माया म्हणून केलं, मी डोकं धरलं. आणि तेवढ्यात जीपचा आवाज आला. आवाज ऐकताच जमलेली माणसं पुन्हा उठली. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. "बसा! पाया पडतो, बसा! बँकेचे आहेत!" निवृत्तीदादा माझ्याशेजारी येऊन तसेच हात पसरून उभे राहिले. माणसं बसली, पण अंग चोरून, कडेकडेला, पळायला सोपं पडेल असं.

साहेब उतरले. माझ्याच वयाचे, पुण्याकडचे, टाय लावलेले. मी त्यांच्या हापिसात दोनदा जाऊन आलो होतो, हात टेबलाखाली ठेवून. त्यांनी सगळी माणसं नजरेखालून घातली आणि समाधानानं मान हलवली. मग इकडंतिकडं पाहिलं. "दुकानाचा माणूस आला नाही वाटतं?"

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे कोण? हेही सभासद?"

गयाबाई दारातून म्हणाल्या, "आमच्यातलेच हायती ते."

मी आयुष्यात कितीतरी प्रकरणं मंजूर करून घेतली, चाचांनी पाठ थोपटली, पुढं दुकानात माझं नाव झालं. पण कुणी काही दिलं असं विचाराल तर मी ते तीन शब्द सांगीन. गयाबाईंना तेव्हा साहेबाला गप्प करायचं होतं, एवढंच. तरी त्या म्हणाल्या, आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या, आणि कुणी काही बोललं नाही.

साहेब मात्र अजून माझ्याकडंच बघत होते. धोतर बघून त्यांनी माझं वय दुप्पट धरलं होतं. आवाज खाली करून म्हणाले, "काका, तुम्ही जाणते दिसता. खरं सांगा, हा परभणीचा दुकानदार इंजिन विकल्यावर दुरुस्तीला माणूस पाठवतो का? का नुसतं गोड बोलतो?"

"पाठवतो साहेब," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"मलाच पाठवतो."

साहेबांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. हात आज टेबलाखाली नव्हते. ते इतके हसले की त्यांना जीपला टेकावं लागलं, आणि त्यांचं बघून कडेकडेला बसलेली माणसंही हसली आणि नीट मांडी घालून बसली. मग कामाचं बोलणं झालं, काठ पाहिला, जागा पाहिली. साहेबांनी पुढं एवढंच म्हटलं की हापिसात येताना धोतर नेसून येऊ नका, वरचे साहेब विचारतील. जाताना त्यांनी मला जीपमधून परभणीला नेलं. ओली पॅन्ट मांडीवर, कमरेला धोतर. गडबडीत ते माझ्याच अंगावर राहिलं.

घरी गेलो आणि आबांना सगळं सांगितलं. आबा ओट्यावर बसले होते. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "धोतर ठिवून घे."

"परत द्यायचं आहे आबा."

"त्यो आता नेसनार न्हाई. तोंडावर घेईल, मागनं कुनाला तरी देऊन टाकील, न्हाई तर जाळील. मला ठाव हाय. तू जाऊ नगो, उगं त्वांड कडू व्हईल."

आबा रागानं बोलले नाहीत. पाऊस येणार आहे, लाकडं आत घे, असं सांगावं तसं सांगितलं. मला निवृत्तीदादांचं ते गप्प राहणं आठवलं आणि वाटलं, आबांचं बरोबर असेल. चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "तू दे के आ. पहनना नै पहनना, वो उस का काम." धोतर पेटीत पडून राहिलं. कर्ज मंजूर झालं, विहीर खोदली, पाइप पडले. प्रत्येक खेपेला मी गावात जात होतो आणि प्रत्येक खेपेला धोतर घरी ठेवून जात होतो. गयाबाईंनी एकदाही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी इंजिन सुरू करायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी ते धोतर लाँड्रीत दिलं. लाँड्रीवाल्यानं माझ्या पॅन्टी आयुष्यभर कडक केल्या होत्या, त्यानं धोतराचाही कागद करून टाकला. खळ घालून, चार घड्या करून, वर वर्तमानपत्र गुंडाळून. मी पॅन्टीतच गेलो. एव्हाना गावाला माझ्या पॅन्टीची सवय झाली होती.

काठावर सगळं गाव जमलं होतं. निवृत्तीदादा चिखलानं माखलेले, नुसत्या चड्डीवर, विहिरीत उतरून आलेले. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळीची झडप असते, तिला सगळे फुटबॉल म्हणतात. ती बसवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं पुडकं धरलं. "दादा, तुमचं धोतर. राहून गेलं होतं."

सगळे बघत होते. त्यांनी आपल्या चिखलाच्या हातांकडं पाहिलं आणि हात मागं घेतले. मग ते गयाबाईंना म्हणाले, "तू धर. मपले हात घान हायती," आणि गंगेत जाऊन हातपाय धुऊन आले. ओल्या अंगानं तसेच उभे राहिले, पुडक्याचा कागद फाडला, आणि सगळ्या गावासमोर, माझ्यासमोर, ते धोतर नेसले. नारळही तेच धोतर नेसून फोडला.

हँडल मी मारलं. कळ सोडली, ठोका पडला, पाइप थरथरला आणि वर शेतात पाणी पडलं. बाया ओरडायला लागल्या. पुढं जेवणं झाली. पंगतीत मला मध्ये बसवलं होतं. निवृत्तीदादा मात्र वाढत होते, पाणी देत होते, इकडून तिकडं जात होते, बसत नव्हते. सगळ्यांची जेवणं होत आली तरी माणूस उभाच. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. मी गयाबाईंना हळूच विचारलं, "दादा जेवायला बसत का नाहीत?"

गयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "कडक इस्तरीचं धोतर जल्मात पैल्यांदा घातलंय त्यांनी. बसलं की मोडंल म्हनतेत."

संध्याकाळी घरी आलो. आबा ओट्यावरच होते. त्यांनी पाण्याचं विचारलं नाही, इंजिनाचं विचारलं नाही.

"नेसला?"

"नेसले."

"तुझ्या म्होरं?"

"माझ्यासमोर. सगळ्या गावासमोर. आणि दिवसभर खाली बसले नाहीत आबा, जेवायलासुद्धा. इस्त्री मोडेल म्हणून."

आबांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं खोकला आला.

"येडाच दिसायलाय त्यो," म्हणाले, आणि हसता हसता डोळे पुसायला त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा वर घेतला.